रानटी मिरचीचे बी आणि सज्ज्यातील कुंडी

मिरचीची एकही मूळ रानटी प्रजाती भारतात नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेले हे पीक येथे इतके रुजले की त्याचे परकेपण विसरले गेले. कोकणातील परसात पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून आपोआप उगवणारी, आभाळाकडे तोंड केलेली बारीक तिखट मिरची पुष्कळांना रानमिरची वाटते. प्रत्यक्षात ती लागवडीतून निसटलेली आहे. खऱ्या रानटी प्रजाती अमेरिका खंडातल्या. मेक्सिको व अ‍ॅरिझोनातील चिल्टेपिन, बोलिव्हिया-पॅराग्वे परिसरातील कॅप्सिकम चाकोएन्से, गॅलापागोस बेटांवरील लवदार पानांची कॅप्सिकम गॅलापागोएन्से ही त्यांतील काही नावे. पैदासकारांना त्यांचे मोल ठाऊक आहे. जिवाणूजन्य ठिपके रोगाला प्रतिकार करणारे बीएस-2 हे जनुक चाकोएन्सेतूनच मिळाले. अलीकडे शहरी हौशी बागायतदारही या प्रजातींकडे वळले आहेत. त्यांचे प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांपर्यंत येतात, तेव्हा उगवणीचे उत्तर देऊन थांबणे पुरेसे नाही.

लागवडीच्या मिरचीचे बी आठ-दहा दिवसांत उगवते. रानटी बी तीन ते सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ घेते, आणि तेही एकाच वेळी उगवत नाही. हा बियाण्याचा दोष नव्हे. पावसाची खात्री नसलेल्या प्रदेशात सगळे बी एकदम उगवणे म्हणजे सर्वनाशाला आमंत्रण. या वनस्पतीची भिस्त पक्ष्यांवर आहे. पक्ष्यांना तिखटपणा जाणवत नाही आणि त्यांच्या पोटातून बी शाबूत बाहेर पडते. उंदरांसारखे सस्तन प्राणी ते चावून नष्ट करतात. जोशुआ ट्यूक्सबरी व गॅरी नभान यांनी 2001 मध्ये हे प्रयोगाने दाखवले. ट्यूक्सबरी आणि सहकाऱ्यांचे 2008 मधील बोलिव्हियातील काम कीटकशास्त्राच्या दृष्टीने अधिक रोचक आहे. तेथे रस शोषणारे ढेकूण फळाला सोंड खुपसतात, त्या छिद्रांतून फ्युजॅरियम बुरशी आत शिरून बी कुजवते, आणि कॅप्सायसिन त्या बुरशीला आवर घालते. जेथे ढेकणांचा उपद्रव अधिक, तेथे तिखट झाडांचे प्रमाणही अधिक आढळले. मिरचीच्या तिखटपणामागे कीटकाचाही हात आहे, तो असा.

दिल्लीच्या पूर्व भागातील मयूर विहारसारख्या वसाहतीत, सदनिकेच्या सज्ज्यात हे बी लावायचे तर आधी पंचांग नव्हे, तापमापक पाहावा. जानेवारीत किमान तापमान सात-आठ अंशांपर्यंत उतरते, तर मे-जूनमध्ये कमाल तापमान चाळिशी ओलांडते. या झाडांना फळापर्यंत पोचायला सात-आठ महिने लागत असल्याने बी फेब्रुवारीच्या आरंभी घरातच टाकावे. विदर्भात हेच काम पंधरा दिवस आधी करता येईल.

प्रथम बी 10 टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात 20 मिनिटे ठेवून वाहत्या पाण्यात स्वच्छ धुवावे. बियांच्या पृष्ठभागावरील विषाणू निष्प्रभ करण्यासाठी ही पायरी आवश्यक आहे. त्यानंतर 500 पीपीएम जिबरेलिक आम्लात 24 तास भिजवावे. ते न मिळाल्यास 0.2 टक्के पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणाने माध्यम ओले केले तरी उपयोग होतो. निर्जंतुक कोकोपीट व व्हर्मिक्युलाइटच्या मिश्रणात अर्धा सेंटिमीटर खोल बी पेरून ट्रे फ्रिजच्या माथ्यावर किंवा तशाच उबदार जागी, 25 ते 30 अंशांत राहील असा ठेवावा. अतिपाणी हा सर्वांत मोठा शत्रू. त्याने रोपे कोलमडतातच, शिवाय ओल्या कोकोपीटमध्ये बारीक काळ्या माश्यांच्या अळ्या वाढून कोवळी मुळे खातात. वरचा थर थोडा सुकू देणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

प्रजातीची निवडही विचाराने करावी. थंड उंचीवरील कॅप्सिकम कार्डेनासी दिल्लीच्या उन्हाळ्यात तग धरणे कठीण. शिवाय ती स्वतःच्या परागाने फळत नाही, त्यामुळे एकुलत्या एका झाडाला कितीही जपले तरी बी मिळणार नाही. चिल्टेपिन व चाकोएन्से अधिक सोशीक. चिल्टेपिन मूळ अधिवासात मोठ्या झुडपांच्या सावलीत वाढते, कारण पक्षी तेथेच बसून बी टाकतात. म्हणून एप्रिलअखेरपासून पाऊस येईपर्यंत 50 टक्के सावलीची जाळी हवी. या काळात फुले गळाली तर खतांचा मारा करू नये. ऑगस्टनंतर, रात्री सौम्य झाल्या की फळे धरतात.

आता किडींविषयी. पाने वरच्या बाजूस वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खालच्या बाजूस वळून देठ लांबट दिसू लागले तर कोळी, आणि पाने आखूड, गोळा होऊन झाड खुजे राहिले तर पांढरी माशी पसरवते तो विषाणूजन्य बोकड्या, असा ढोबळ भेद करावा. तिन्हींवर एकच औषध फवारण्याची सवय घातक आहे; कीटकनाशकांनी कोळी हटत नाहीत, उलट त्यांचे नैसर्गिक शत्रू मरतात. सज्ज्यात 50 मेशची कीटकरोधक जाळी, पिवळे व निळे चिकट सापळे आणि आठवड्यातून एकदा भिंगाखाली पानांची मागची बाजू व फुले तपासणे एवढे बहुधा पुरते.

परंतु सज्जा हे बंद बेट नाही. मयूर विहारच्या पायथ्याशीच यमुनेचे खादर आहे, जेथे भाजीपाला पिकत आला आहे. सहाव्या मजल्यावरील पांढरी माशी वाऱ्याबरोबर तेथे उतरते. थ्रिप्स पार्व्हिस्पायनस या आग्नेय आशियाई फुलकिड्याची भारतातील पहिली नोंद 2015 मध्ये बंगळुरूला पपईवर झाली. 2021 च्या हंगामात त्याने तेलंगणा व आंध्र प्रदेशातील मिरचीची फुले उद्ध्वस्त केली. अशी कीड देशात एकदा शिरली की शेतकऱ्याच्या हाती फवारणीचा खर्च तेवढा उरतो.

बियांबरोबर येणारा धोका डोळ्यांना दिसतही नाही. टोबॅमोव्हायरस गटातील विषाणू बियांच्या आवरणावरून प्रवास करतात. म्हणूनच वनस्पती संगरोध आदेश, 2003 नुसार परदेशी बियाण्याला आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. टपालाने मागवलेल्या दहा बियांच्या पाकिटालाही सूट नाही. संशोधनासाठीच्या जननद्रव्याची संगरोध तपासणी याच शहरात, पुसा येथील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत होते. हौशी व्यक्तीने देशात वाढवलेल्या झाडाचेच बी घ्यावे आणि ते मूळ कोठून आले हे विचारावे. उत्तर टाळले गेल्यास बी घेऊ नये. द्रावणात धुतलेले बी परवान्याची जागा घेऊ शकत नाही, हेही हौशी मंडळींना स्पष्ट सांगावे.

रोपावर अनोळखी चट्टे, चित्रविचित्र पिवळेपणा किंवा फुलांत गर्द रंगाचे फुलकिडे मोठ्या संख्येने दिसल्यास ते रोप शेजाऱ्याला देऊ नये, सोसायटीच्या खतखड्ड्यातही टाकू नये. किडीचा नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये, पान कोरड्या कागदात ठेवून दिनांक व ठिकाण लिहावे आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावे. उरलेले झाड मुळासकट उपटून पारदर्शक प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधावे व कडक उन्हात आठवडाभर ठेवल्यावरच फेकावे.