आतड्यातले जिवाणू औषध कसे बनतात?

शेतकरी घरातल्यांना रायझोबियमचे पाकीट नवीन नाही. हरभरा, सोयाबीन पेरण्याआधी ते बियाण्याला चोळतात. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, राहुरीला तर कृषी विद्यापीठच आहे. जिवाणू पिकाला देता येतात, मग माणसाला औषध म्हणून देता येतील का? यावर काम करणारा संशोधक प्रयोगशाळेत नेमके काय करतो, ते पाहू.

मायक्रोबायोम म्हणजे काय?
आपल्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू असतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. ही वस्ती म्हणजे मायक्रोबायोम. अँटिबायोटिकने रोगजंतूंबरोबर ही वस्तीही उठते. मग कधी कधी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जिवाणू माजतो आणि जीवघेणे जुलाब लागतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत अशा रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेचे द्रावण सोडले. 16 पैकी 13 जण पहिल्याच वेळी बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिनने 13 पैकी फक्त 4. नाक मुरडण्याआधी आकडे बघा!

पण धोकाही आहे. 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका रुग्णाचा मृत्यू जाहीर केला. दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय त्याच्या शरीरात गेला होता. इथूनच संशोधकाचे खरे काम सुरू होते.

कामाचे टप्पे
1) वाढवणे : यातले बरेच जिवाणू ऑक्सिजन लागताच मरतात. म्हणून हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत नायट्रोजन, हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड भरतात. उरलासुरला ऑक्सिजन पॅलेडियमच्या मदतीने हायड्रोजनशी जोडून त्याचे पाणी करतात.
2) ओळखणे : सुमारे 1500 अक्षरांचे 16एस आरआरएनए जनुक वाचून जिवाणूचे कुळ ठरवतात.
3) तपासणे : विष तयार करणारी किंवा औषधाला दाद न देणारी जनुके आहेत का? असतील तर तो जिवाणू बाद.
4) टिकवणे : फर्मेंटरमध्ये वाढवून, गोठवून सुकवून कॅप्सूलमध्ये भरतात. काही महिन्यांनी किती जिवंत राहिले ते पुन्हा मोजतात.

हे एका दमात होत नाही. व्हाउस्ट हे जिवाणू-बीजाणूंचे कॅप्सूल 2016 च्या चाचणीत नापास झाले होते. मात्रा वाढवून आणि निदान काटेकोर करून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा आजार उलटण्याचे प्रमाण 40 वरून 12 टक्क्यांवर आले. 2023 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

आपल्याकडे काय?
पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने या विषयाचा पाया घातला. 2016 च्या त्यांच्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला व मेगास्फेरा हे जिवाणू विशेष जास्त आढळले. म्हणजे परदेशातले 'निरोगी आतडे' आपल्याला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. आपले जिवाणू आपल्यालाच शोधावे लागतील.

यात इंजिनिअरला जागा आहे का? भरपूर! फर्मेंटरचे तापमान व पीएच सांभाळणारी कंट्रोल सिस्टिम, वायूगळती पकडणारे सेन्सर, जनुकांचा डेटा चाळणारे प्रोग्राम, हे सगळे आपलेच विषय आहेत.

आणि तोवर एक करा. सर्दी झाली म्हणून रूममेटच्या पाकिटातली अँटिबायोटिकची गोळी मागून घेऊ नका. सर्दी विषाणूंमुळे होते, त्यांच्यावर ती चालतच नाही. मार बसतो तो पोटातल्या बिनकसूर जिवाणूंना!