मांजराचं नाव आहे, माझं नाही

"श्रेयनामावली कुणी वाचत नाही," असं आमच्या स्टुडिओतले प्रोड्युसर ठामपणे सांगायचे. कुणी वाचत नसेल तर तीत ऑफिसच्या मांजराचं नाव कशाला घातलं, याचं उत्तर मला त्यांच्याकडून अजून मिळालेलं नाही. मांजराबद्दल माझी काही तक्रार नाही. गुणी होतं, माझ्याच कीबोर्डवर येऊन झोपायचं. पण उडीचा कोड त्याने लिहिला नव्हता, मी लिहिला होता.

हे लिहितेय ते निम्मं राग बाहेर पडावा म्हणून, हे आधीच सांगून टाकते. उरलेलं निम्मं व्हिडिओ गेमच्या धंद्यात नव्याने शिरणाऱ्यांच्या उपयोगी पडलं तर बरंच.

आमच्याकडे इचलकरंजीत गेम बनवते म्हटलं की पहिला प्रश्न यायचा, "म्हणजे दिवसभर खेळायचे पैसे देतात?" दुसरा, "मग खरी नोकरी कधी?" मी उत्तर द्यायचं सोडून दिलं होतं. २०२० साली 'राजी' हा खेळ आला, पुण्यातल्या एका छोट्या चमूने बनवलेला. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. तो खेळताना मला एकच गोष्ट दिसत होती : हे कुणीतरी आपल्यापासून चार-पाच तासांच्या अंतरावर बसून केलंय. पुढचं शिक्षण, मुलाखती, नकार हे सगळं सगळ्यांचंच असतं, ते सोडून देते. बाणेरमधल्या एका स्टुडिओत ज्युनिअर गेमप्ले प्रोग्रॅमर म्हणून लागले.

खेळ मोबाइलवरचा. गडाच्या तटावरून धावणारी एक मुलगी. लीडने दिलेलं पहिलं काम एका ओळीचं होतं, "उडी मेल्यासारखी वाटतेय, बघ."

मी बघितलं तर कोडमध्ये काहीच चूक नव्हती. भौतिकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर होतं, आणि तेच बिघडलं होतं. पुस्तकातलं गुरुत्वाकर्षण वर जाताना आणि खाली येताना सारखंच असतं. पडद्यावर तसं केलं की पात्र फुग्यासारखं तरंगतं. म्हणून खाली येताना ओढ वाढवायची. बोट लवकर उचललं तर उडी अर्ध्यात कापायची, म्हणजे छोटी उडी आणि मोठी उडी दोन्ही एकाच बोटात येतात. पाय जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं गेलं असेल तर ते लक्षात ठेवायचं आणि टेकल्याबरोबर उडवायचं. आणि सगळ्यांत लाडकी युक्ती म्हणजे 'कायोटी टाइम'. कार्टूनमधला तो कायोटी कड्यावरून पुढे हवेत चालत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्याच्यावरून हे नाव. कडा सुटल्यावरही साधारण एक दशांश सेकंद उडी मान्य करायची. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सहा फ्रेम. खेळणाऱ्याचा अंगठा उशिरा पडलेला असतो, पण आपण अगदी वेळेवर उडी मारली असंच त्याला वाटतं. खेळ त्याला गुपचूप माफ करतो.

या सहा फ्रेमसाठी मी किती रात्री काढल्या ते मोजत नाही. पाच केल्या की कड्यावरून पडायला व्हायचं, आठ केल्या की मुलगी हवेवर पाय ठेवतेय हे दिसायचं. सगळे आकडे मी एका तक्त्यात लिहून ठेवले होते. एका आकड्यापुढे 'याला हात लावू नये' अशी टीपही होती, कारण एका उत्साही सहकाऱ्याने हात लावला होता. हा तक्ता लक्षात ठेवा.

नवी उडी बसवली त्या संध्याकाळी बिल्ड टेस्टिंगच्या मुलाकडे गेला. एरवी पाच मिनिटांत चुकांची यादी पाठवणारा मुलगा. तो काही बोलेचना. जाऊन पाहिलं तर तो टेस्टिंग विसरून नुसता खेळत बसला होता. या धंद्यातला पहिला पगार माझ्या आठवणीत नाही, ते दृश्य आहे.

त्यानंतरचं शिक्षण स्वस्त फोनांनी दिलं. ऑफिसमधल्या महागड्या फोनवर सगळंच छान चालतं, त्यावर विश्वास ठेवू नका. ६० फ्रेम हव्या तर एका फ्रेमला जेमतेम १६.६७ मिलिसेकंद मिळतात, त्यात चित्र, आवाज, उडी, टक्कर सगळं उरकायचं. नाणी गोळा करताना आमचा खेळ मध्येच अडखळायचा, कारण प्रत्येक नाणं नव्याने तयार होऊन नंतर नष्ट होत होतं आणि मेमरीची झाडलोट सुरू झाली की क्षणभर सगळं थांबायचं. ठरावीक नाणी एकदाच तयार करून तीच पुन्हा पुन्हा वापरली, तेव्हा अडखळणं गेलं. दुसरं म्हणजे पाच मिनिटं खेळून 'चालतंय' म्हणू नका. फोन तापायला वेळ लागतो आणि तापला की प्रोसेसर स्वतःहून मंदावतो. अर्धा तास सलग खेळून मगच बोला. गूगल प्लेवर क्रॅशचं प्रमाण १.०९ टक्क्यांच्या वर किंवा खेळ गोठण्याचं ०.४७ टक्क्यांच्या वर गेलं तर स्टोअर तुमचा खेळ लोकांना कमी दाखवू लागतं. त्या ०.४७ च्या खाली येण्यासाठी आम्ही जे केलं, त्यात माझा वाटा किती होता हे रिपॉझिटरीत तारीखवार नोंदलेलं आहे. रिपॉझिटरी खोटं बोलत नाही. माणसांचं काय?

लाँचच्या थोडं आधी मी नोकरी सोडली. का सोडली तो वेगळा विषय, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. नोटिस पिरियड पूर्ण केला, सगळं काम लिहून हातात दिलं, शेवटच्या दिवशी केक कापला. प्रोड्युसर म्हणाले, "तू आमचीच आहेस."

खेळ आला तेव्हा मी घरी होते. ताईच्या फोनवर उतरवून घेतला. भाचा दुसरीत, नुकताच इंग्रजी वाचायला लागलेला. त्याला सांगितलं, "शेवटी नावं येतात, त्यात मावशीचं शोध." त्याने तो अभ्यासच करून टाकला. एकेक नाव अक्षर लावून मोठ्याने वाचू लागला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. प्रोग्रॅमिंगचा मथळा आला, नावं संपली. मला वाटलं, 'विशेष साहाय्य' असं काहीतरी पुढे असेल. टेस्टिंग आलं, संगीत आलं. विशेष आभार आले. त्यात चहा पुरवणाऱ्या काकांचं नाव होतं, ते योग्यच होतं. मग 'प्रॉडक्शन बेबीज', म्हणजे खेळ बनत असताना टीममध्ये जन्मलेली बाळं, ही जगभरची गोड प्रथा आहे. त्यात लीडची मुलगी. त्याखाली मांजर.

"मावशी, तुझं राहिलंच," भाचा म्हणाला. बाबांनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. माझ्यावरचा विश्वास कमी झाला म्हणून नव्हे, मला अवघडू नये म्हणून. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. शांतपणे विचारलं, "सर, नावांच्या यादीत माझं नाव गळलंय का?"

"गळलं नाही गं. लाँचच्या दिवशी जे रोलवर होते त्यांचीच नावं घ्यायची असं ठरलं."

"हे मला आधी कुणी सांगितलं नाही."

"अगं, ते कोण वाचतं? तुला काय फरक पडतो?"

लग्नाच्या पत्रिकेतली 'आपले नम्र'खालची यादीही कुणी वाचत नाही, पण ज्याचं नाव राहिलं तो बरोबर वाचतो आणि लग्नाला येत नाही. हे मी त्यांना बोलले नाही. बोलायला हवं होतं असं आई अजून म्हणते. पुढच्या अपडेटमध्ये एक ओळ वाढवायला किती वेळ लागतो हे मला माहीत होतं, ती फाइलही मला माहीत होती. "बघू," म्हणाले.

कळस पुढे आहे. स्टोअरवरच्या अभिप्रायांत लोकांनी एका गोष्टीचं भरभरून कौतुक केलं होतं, "उडी मस्त जमलीय." काही महिन्यांनी एका कॉलेजच्या कार्यक्रमात आमच्या लीडचं भाषण झालं, विषय 'उडीचा फील'. माझी एक मैत्रीण प्रेक्षकांत होती, तिने स्लाइडचा फोटो पाठवला. माझा तक्ता, माझे आकडे. 'याला हात लावू नये' हीसुद्धा ओळ तशीच. निदान ती तरी पुसायची.

हे दुखणं जुनंच आहे म्हणा. अटारी कंपनी सत्तरीच्या दशकात आपल्या प्रोग्रॅमरांची नावं खेळांवर देत नसे. त्याला वैतागून डेव्हिड क्रेन आणि त्याचे काही सहकारी बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. तिथे खेळाच्या खोक्यावर आणि पुस्तिकेत बनवणाऱ्याचं नाव झळकू लागलं. वॉरन रॉबिनेट या अटारीच्याच दुसऱ्या प्रोग्रॅमरने 'ॲडव्हेंचर' या खेळात एक छुपी खोली केली. राखाडी रंगाचा, एका ठिपक्याएवढा तुकडा शोधून योग्य जागी नेला की ती उघडते आणि आत त्याचं नाव चमकतं. कंपनीला पत्ता लागला तोवर तो नोकरी सोडून गेला होता. स्पीलबर्गच्या 'रेडी प्लेयर वन'चा शेवट याच खोलीवर बेतलेला आहे. गोष्ट रोमांचक आहे, पण आज हे करू नका. कोड रिव्ह्यूमध्ये सापडतं आणि मग करारभंगाची नोटीस तुमच्या नावाने मात्र बिनचूक येते.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी मालकाची. त्यावर भांडू नका, हराल. पण ५७ वं कलम म्हणतं की मालकी दुसऱ्याकडे असली तरी 'हे मी केलंय' असं सांगण्याचा लेखकाचा हक्क शाबूत राहतो. ऐकायला फार गोड. पहिल्या नोकरीच्या पगारात यासाठी कोर्टात जाणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही, म्हणून खरी लढाई ऑफर लेटरवर सही करण्याआधीच करायची.

एचआरला मेलवर विचारा : श्रेयनामावलीचं धोरण काय? लाँचआधी नोकरी सोडली तर? तोंडी उत्तर घेऊ नका. "असं आजवर कुणी विचारलं नाही" हे उत्तर येईल, येऊ द्या. इंटरनॅशनल गेम डेव्हलपर्स असोसिएशनचे याबाबतचे संकेत आहेत, मध्येच सोडून गेलेल्यांचंही नाव द्यावं असं त्यांत म्हटलंय. दुवा जोडून पाठवा. ते बंधनकारक नाहीत, पण मागणी तुमच्या डोक्यातून निघालेली नाही एवढं कळतं. मी नव्या ठिकाणी एकच वाक्य घालून घेतलं : 'प्रकल्पात काम केलेल्या व्यक्तीचं नाव व भूमिका, ती लाँचच्या वेळी नोकरीत असो वा नसो, खेळाच्या श्रेयनामावलीत दिली जाईल.' चार दिवस ते लीगलकडे फिरलं आणि आलं. आभाळ कोसळलं नाही.

पोर्टफोलिओत काय दाखवता येईल तेही लेखी घ्या. कंपनीचा कोड पेनड्राइव्हवर घरी नेऊ नका, कितीही राग आला तरी. त्याऐवजी स्वतःचं काहीतरी असू द्या. जानेवारीत होणाऱ्या ग्लोबल गेम जॅमला जा, दोन दिवसांत वेडावाकडा खेळ करा, इच डॉट आयओवर फुकट चढवा. तिथे तुमचं नाव कुणी काढत नाही. प्ले स्टोअरवर टाकायचा असेल तर २५ डॉलर एकदाच भरायचे. नव्या वैयक्तिक खात्याला आधी बारा जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. पूर्वी वीस लागत. बारा माणसं जमवणं सोपं वाटतं. सख्खी भावंडंसुद्धा चौथ्या दिवशी ॲप काढून टाकतात, म्हणून पंधरा-सोळा धरा.

ऑफर आली की खेळात पैसा कुठून येतो तेही बघा. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि माझ्या ओळखीतली चांगली मुलं एका आठवड्यात घरी बसली. बाकी जेवण वेळेवर घ्या, पाठीला खुर्ची नीट घ्या, हे तुमची आई सांगतेच.

आणि नोकरी सोडताना एक्सपिरियन्स लेटरमध्ये प्रकल्पाचं नाव आणि तुमचं नेमकं काम लिहून घ्या, तेही लॅपटॉप जमा करण्याआधी. तोवर त्यांना तुमच्याकडून हँडओव्हर हवा असतो, म्हणून मेलला त्याच दिवशी उत्तर येतं. नंतर येत नाही. माझ्या पत्रात 'सॉफ्टवेअर विकासात सहभाग' असं लिहिलंय. दुरुस्तीसाठी पाठवलेल्या मेलवर 'नोंद घेतली आहे' एवढंच उत्तर आहे, आणि मधल्या काळात त्या खेळाचे तीन अपडेट येऊन गेले.