मावळांतील माळ आणि कुरणें

माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत सरकारी दफ्तरांतून निघून आतां शेतकऱ्यांच्या तोंडींही बसली आहे. ती खरी नाहीं. जेथें गवत हेंच मुख्य पीक, झाडें विरळ अगर मुळींच नाहींत, आणि जी नांगरावांचून दरसाल चारा देते, ती जमीन कुरण होय. दबडघाव व शंकरनारायण यांनीं १९७३ सालीं देशांतील गवताळ प्रदेशांचे जे पांच प्रकार सांगितले, त्यांत आमचा दख्खन शेडा व मारवेल यांच्या प्रकारांत पडतो. हीं दोन्हीं गवतें जनावरें आवडीनें खातात.

लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सुमारें ३० किलोमीटरांवरील तळेगांवास त्याचा तिसरा हिस्साही पडत नाहीं. घाटमाथ्याचें हें पाणी उघड्या उतारावर पडलें तर माती घेऊनच खालीं येईल. गवताच्या पात्यांवर थेंब फुटतो, दाट मुळ्यांमुळें माती जागीं राहते, आणि मुरलेलें पाणी सावकाश खालच्या भातखाचरांस व ओढ्यांस मिळतें. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी व दक्षिणेकडील पवना या दोन्हीं नद्यांस असेंच पाणी येतें.

सड्यावर तर खडकावर जेमतेम वीतभर माती. तेथील सोनकी, तेरडा व गवतें चार महिन्यांत आपला सारा संसार उरकतात. सीतेची आसवें ही इवलीशी निळी वनस्पति मातींत नत्र अपुरें म्हणून पाण्यांतले सूक्ष्म जीव पकडून खाते! या फुलांवर पोसलेल्या मधमाशा व इतर कीटक आमच्या शेतांतही येतात. चंडोल गवताच्या बुडख्याशींच घरटें करतो. अशा ठिकाणीं खड्डे खणून झाडें लावण्याची हौस आम्हांस पसंत नाहीं. खणलेली माती पहिल्याच पावसांत वाहून जाते, आणि झाड जगलेंच तर त्याच्या सावलींत गवत मरतें.

याहून मोठें नुकसान वणव्यानें होतें. डोंगर जाळला म्हणजे पुढें गवत चांगलें येतें, असें पुष्कळजण मानतात. राखेवर हिरवा कोंब लवकर दिसतो, हें खरें. पण तो कोणत्या गवताचा, हें पाहावें. कुसळीच्या बियांस लांब पीळदार कूस असते. दमट हवेंत ती पीळ सोडते, कोरड्या हवेंत पुन्हां घेते, आणि बीं मळसूत्राप्रमाणें मातींत रुतत जातें. त्यास आगीची झळ लागत नाहीं. वरवर पडलेलें इतर गवतांचें बीं मात्र जळून जातें. असें दरसाल झालें, आणि त्यांत बेसुमार चराई मिळाली, म्हणजे शेडा व मारवेल मागें पडतात आणि रान कुसळीचें होतें. तिची पक्व कुसळें जनावरांच्या तोंडांत रुततात व मेंढ्यांच्या लोंकरींत अडकतात. म्हणजे जाळणारा आपल्याच गोठ्यासाठीं वाईट चारा निवडीत असतो. राब भाजणें ही निराळी गोष्ट. तें वाफ्यांत, डोळ्यांसमोर होतें.

कुरण राखणाऱ्यानें पावसाळा संपतांना, कुरणाच्या कडेनें, गवत ओलें आहे तोंवरच, दहा-बारा हातांचा पट्टा साफ काढावा, म्हणजे शेजारची आग आंत शिरत नाहीं. कापणी गवत फुलोऱ्यावर येतांच करावी. वाळून पिवळें पडलेल्या गवतांत सत्त्व फार थोडें राहतें. कुसळी तर कुसळें धरण्यापूर्वींच कापली पाहिजे. मात्र मारवेल-शेड्याचा एक तुकडा दरसाल आळीपाळीनें बियांसाठीं तसाच उभा सोडावा, व त्यांत बीं गळेपर्यंत जनावर घालूं नये.

गांवच्या गायरानाविषयीं सभासदांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २२ अन्वयें तें चराईसाठीं राखून ठेवतां येतें, व सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ सालच्या निकालानंतर त्याच वर्षीं १२ जुलै रोजीं राज्य सरकारनेंही गायरानावरील अतिक्रमणांविरुद्ध निर्णय काढला. बंगल्यांच्या भिंती माळाकडे सरकत आहेत. गायरानाचा सात-बारा तलाठ्याकडून काढून, हद्दीचे दगड जागेवर आहेत कीं नाहींत, हें पावसाळ्यापूर्वीं ग्रामसभेनें पाहून घ्यावें.