वाचकांचे प्रश्न : दोन सोसायट्या, एक मैदान

प्रश्न : स्वारगेटजवळ आमची जुनी सोसायटी आहे. भूखंड २,६०० चौरस मीटरचा. शेजारच्या सोसायटीचा २,९००. मधल्या भिंतीच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा आहे. मुले तिथे खेळतात, गणपतीचा मांडवही तिथेच पडतो. दोन्ही सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. बिल्डर म्हणतो, ''भूखंड एकत्र करू नका. केलेत तर मैदान सोडावे लागेल, तेवढा एफएसआय बुडेल आणि तुमची घरे लहान होतील.'' हे खरे आहे का?
– एक सभासद, स्वारगेट

उत्तर : मैदान सोडावे लागेल, हे खरे. एफएसआय बुडेल, हे मात्र खरे नाही.

पुण्याला डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. रस्ता, रस्तारुंदी आणि आरक्षणाखालचे क्षेत्र वजा करून जमीन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक उरली, तर तिच्या १० टक्के 'ओपन स्पेस' ठेवावी लागते, तीही शक्यतो एकाच ठिकाणी. तुमचे भूखंड वेगळे राहिले, तर एकही ही मर्यादा गाठत नाही. एकत्र केल्यास ५,५०० चौरस मीटर होतात आणि सुमारे ५५० चौरस मीटरची ओपन स्पेस नियमानेच मिळते. अंतर्गत रस्ते त्यात धरता येत नाहीत.

आता एफएसआय. मंजुरीच्या नकाशावर क्षेत्रफळाचा तक्ता असतो, तो आर्किटेक्टकडून मागून घ्या. एफएसआय 'निव्वळ भूखंड क्षेत्रा'वर मोजतात आणि ते काढताना ओपन स्पेस वजा होत नाही. बांधकामाचा हक्क तेवढाच राहतो, फक्त इमारत जमिनीवर कमी पसरते आणि वर जाते.

एकत्र येण्याचा खरा फायदा मधल्या भिंतीपाशी आहे. उंच इमारतीला बाजूने उंचीच्या एक पंचमांश अंतर सोडावे लागते, जास्तीत जास्त १२ मीटर. समजा, दोन्ही इमारती ५० मीटर उंच आहेत. भूखंड वेगळे असतील तर भिंतीच्या या बाजूला १० आणि त्या बाजूला १० मीटरचे पट्टे पडतात, आणि अशा पट्ट्यांत गाड्याच उभ्या राहतात. भूखंड एक झाला की दोन इमारतींमध्ये मिळून १० मीटर पुरतात. वाचलेली रुंदी मैदानाला देता येते. घरे जवळ आणून मोकळी जागा सलग राखायची, हे तत्त्व जगभर वापरतात. दाट वस्तीच्या स्वारगेटला तर ते फारच गरजेचे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये इथले भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले. स्थानकापासून ५०० मीटरच्या आत, रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पाहून, एफएसआय ४ पर्यंत जाऊ शकतो. इतकी माणसे वाढणार असतील तर मैदान हवेच.

एक गोष्ट आधी तपासा. तुमचे भूखंड जुन्या मंजूर लेआउटचा भाग असतील आणि त्यात ओपन स्पेस पूर्वीच सोडलेली असेल, तर नव्याने सोडण्याचा आग्रह कदाचित धरला जाणार नाही. तो जुना लेआउट महापालिकेतून मिळवा. त्या जागेवर तुमचाही हक्क असू शकतो.

ओपन स्पेसवर क्लबहाऊस, व्यायामशाळा, वाचनालय चालते, पण बांधकाम तिच्या १५ टक्क्यांपर्यंतच आणि तळमजल्यावर १० टक्क्यांपर्यंत. उरलेली जागा आकाशाला उघडी आणि सर्व सभासदांना खुली हवी. मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये नियमाने आवश्यक तेवढी मनोरंजनाची जागा पोडियमवर नव्हे, जमिनीवरच हवी, असे सांगितले. तो निकाल मुंबईच्या नियमांवर आहे, तरी वाटाघाटीत जरूर पुढे ठेवा.

मंजूर नकाशा बदलायला रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार दोन तृतीयांश खरेदीदारांची संमती लागते. पण हे संरक्षण मुख्यतः नवी घरे घेणाऱ्यांसाठी आहे. जुन्या सभासदांचा आधार म्हणजे विकसन करार. त्यात ओपन स्पेसचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहा, जागा दाखवणारा नकाशा जोडा, तळमजल्यावरच्या कोणत्याही फ्लॅटला वा दुकानाला तिचा खास वापर देणार नाही, अशी अट घाला आणि तिची मालकी दोन्ही सोसायट्यांच्या नावे होईल, हे स्पष्ट करा. दोन्ही सोसायट्यांच्या सभांत हा मसुदा वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय बिल्डरच्या नेमणुकीवर मतदान घेऊ नका.