तोफेची कळ कोणी दाबायची?

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनच्या हवाई बचावासंबंधी वाचताना एका नियमाने मला बुचकळ्यात टाकले. विमानविरोधी तोफखान्यातील बहुतेक कामे स्त्रियांनी करावीत, पण तोफ डागू नये!

पुरुष अपुरे पडणार, हे जनरल फ्रेडरिक पाइल यांनी आधीच ओळखले होते. १९३८ मध्ये त्यांनी कॅरोलाइन हॅस्लेट या इंजिनिअर बाईंना तोफखान्याचे काम दाखवून मत विचारले. अवजड कामे वगळता बाकी सारे स्त्रियांना जमेल, असे बाईंनी सांगितले. १९४१ च्या एप्रिलमध्ये स्त्रियांच्या साहाय्यक दलाला लष्कराचा दर्जा मिळाला आणि ऑगस्टमध्ये लंडनजवळच्या रिचमंड पार्कात स्त्री-पुरुषांची पहिली मिश्र बॅटरी उभी राहिली. पुढे पंतप्रधान चर्चिल यांची कन्या मेरी हीदेखील अशाच बॅटरीत होती.

या मुली नेमके काय करीत? तोफेचा गोळा उंचावर पोहोचायला पंधरा-वीस सेकंद लागत. ताशी ४८० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्या अवधीत दोन किलोमीटरांहून पुढे जाई. म्हणजे नेम धरायचा तो विमान जेथे आहे तेथे नव्हे, जेथे असेल तेथे. एक मुलगी दुर्बिणीतून विमान ओळखी, दुसऱ्या उंची मोजीत. प्रेडिक्टर नावाच्या गणितयंत्रावरच्या मुली चाके फिरवीत विमानाचा माग ठेवीत आणि यंत्राचे उत्तर तारेने तोफेकडे जाई. पुरुष गोळा भरी आणि डागी.

आता मला सांगा, विमान पाडले कोणी? कायद्याच्या मते तोफेवरच्या पुरुषाने. स्त्रीच्या हाती प्राणघातक शस्त्र देणे तेव्हाच्या लोकमताला रुचणारे नव्हते, हे समजू शकते; पण गणित तिचे आणि कळ त्याची, ही वाटणी मला तरी पोकळ वाटते. वरून पडणारा बॉम्ब असा भेद करीत नव्हता. १९४२ च्या एप्रिलमध्ये प्रेडिक्टरवरील अठरा वर्षांची एक मुलगी बॉम्बच्या तुकड्याने ठार झाली. तिच्या जागी लगेच दुसरी उभी राहिली. पगार मात्र पुरुषाच्या दोन-तृतीयांश!

युद्धाच्या अखेरीस काही मिश्र बॅटऱ्या बेल्जियमलाही गेल्या. तोफ डागण्याची मनाई तेथेही उठली नाही.