धर्मनिरपेक्षता आणि धर्मपरंपरा : ओऱ्हान पामुक यांच्या ‘कार’ कादंबरीचा परिचय

केमाल पाशांनी तुर्कस्तानात १९२४ साली खिलाफत बरखास्त केली. १९२८ मध्ये राज्यघटनेतून राज्यधर्म वगळला गेला आणि १९३७ मध्ये धर्मनिरपेक्षतेचे तत्त्व घटनेत आले. हा झाला इतिहास. सामान्य माणसाच्या मनात त्याचे काय झाले हे जाणून घ्यावयाचे असेल, तर ओऱ्हान पामुक यांची २००२ साली प्रसिद्ध झालेली ‘कार’ ही कादंबरी वाचावी. (पामुक यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) ‘कार’ म्हणजे बर्फ.

जर्मनीत बारा वर्षे काढलेला ‘का’ नावाचा कवी आर्मेनियाच्या सीमेजवळील कार्स या गरीब शहरात येतो. तेथे तरुण मुली आत्महत्या करीत आहेत. त्यांत डोक्यावर रुमाल बांधते म्हणून शिक्षणास मुकलेली एक मुलगीही आहे. धर्माभिमान्यांना तिला हुतात्मा म्हणता येत नाही, कारण इस्लामला आत्महत्या मान्य नाही. सरकार तर तिचे नावही नको म्हणते!

रुमालवाल्या मुलींना प्रवेश नाकारणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या संचालकावर मिठाईच्या दुकानात गोळ्या झाडल्या जातात. मारेकरी आधी त्याच्याशी शांतपणे वाद घालतो, संचालक सरकारी नियमाचा आधार घेतो. बँकेत परिपत्रक वरून येते आणि ग्राहकाला तोंड मात्र काउंटरवरील माणसाला द्यावे लागते. त्यामुळे हा प्रसंग मला फार जवळचा वाटला. परंतु लेखक येथेच थांबत नाही. पुढे नाट्यगृहात बुरखा जाळण्याचा प्रयोग चालू असताना रंगमंचावरून सैनिक खऱ्या बंदुका चालवितात, आणि प्रेक्षकांना प्रथम तो नाटकाचाच भाग वाटतो. धर्मनिरपेक्षतेच्या नावाने माणसे मारली जातात. दोन्ही पक्ष मुलींच्या डोक्याविषयी बोलतात, मुलींना मात्र कोणी विचारीत नाही. माझ्या मते कादंबरीचा गाभा हाच आहे.

काडिफे ही या मुलींची पुढारी. गंमत अशी की, तिचे वडील जुने डावे, देव न मानणारे! तिने रंगमंचावर रुमाल काढावा म्हणून तिच्याशी सौदा केला जातो. प्रियकराच्या सुटकेसाठी ती तो पत्करते, रुमाल काढते, आणि रिकामे समजलेले पिस्तूल झाडते. त्यात सूत्रधार नट मरतो. प्रियकरही वाचत नाही.

तुर्कस्तानात २०१३ साली बहुतेक सरकारी कार्यालयांतील रुमालबंदी उठली. कादंबरीच्या शेवटी कार्सचा फाजिल हा तरुण लेखकाला बजावतो की, आमच्याविषयी तुम्ही जे लिहाल त्यावर वाचकांनी विश्वास ठेवू नये. इतक्या दुरून आम्ही कोणाला समजणार नाही.