आपत्काळ आणि आपली मूल्ये

छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात उषस्ती चाक्रायणाची एक छोटीशी गोष्ट आहे. कुरुदेशातले पीक 'मटची'ने नष्ट झाले होते. (मटची म्हणजे कोणी गारा म्हणतात, कोणी टोळ.) उषस्ती आणि त्याची पत्नी आटिकी हत्तीवाल्यांच्या एका गावात कसेबसे दिवस काढत होते. उपाशी उषस्तीला एक माणूस कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे उडीद, खाताना दिसला. त्याने ते मागितले. तो म्हणाला, माझ्यापुढे आहेत तेवढेच आहेत. उषस्ती म्हणाला, त्यातलेच दे. त्याने ते उष्टे अन्न खाल्ले. मग त्या माणसाने पाणी पुढे केले, तर उषस्तीने घेतले नाही. हे उष्टे पाणी मी पिणार नाही, म्हणाला. मग उडीद उष्टे नव्हते का? उषस्तीचे उत्तर सरळ होते: ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला हवे तिथे मिळेल.

उरलेले उडीद त्याने बायकोसाठी नेले. तिला तोवर भिक्षा मिळाली होती, म्हणून तिने ते जपून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी तेच खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला.

या गोष्टीतला नियम लक्षात घेण्यासारखा आहे. संकटात उषस्तीचे आचरण बदलले, हे उपनिषद लपवत नाही. पण ते जितके भाग होते तितकेच बदलले. एकदा नियम मोडला म्हणजे आता सगळेच चालेल, असे त्याने मानले नाही. उडदापर्यंत तो मागे सरकला आणि पाण्यापाशी थांबला.

आता एका खऱ्या दुष्काळाकडे पाहू. १९४३ चा बंगाल. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथला तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारी भागातल्या होड्या आणि तांदूळ काढून घेतला. ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ झाले. तरीही अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात आकडे मांडून दाखवले की १९४३ मध्ये बंगालमध्ये उपलब्ध असलेले धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते. कमी पडली ती गरिबाची विकत घेण्याची शक्ती. डिसेंबर १९४२ मध्ये तांदूळ १३-१४ रुपये मण होता, ऑगस्ट १९४३ मध्ये ३७ पर्यंत गेला. शेतमजूर, कोळी, होडीवाले यांची कमाई त्या प्रमाणात वाढली नाही. मी कॉमर्स शिकतो, त्यामुळे भाववाढीचा तक्ता मला परका नाही. पण या तक्त्याखाली सुमारे तीस लाख माणसे आहेत.

१९४५ च्या दुष्काळ चौकशी आयोगाने त्या वर्षीच्या तांदळावरचा जादा नफा सुमारे १५० कोटी रुपये धरला. आयोगाच्या हिशेबाने मृत्यू पंधरा लाख होते. म्हणजे एका मृत्यूमागे साधारण हजार रुपये नफा. हा भागाकार आयोगाने स्वतःच करून अहवालात लिहिला आहे. कारभार कोसळला, तसा समाजाचा नैतिक कणाही मोडला, असेही तो म्हणतो.

हा कणा कुणाचा मोडला? नवऱ्यांनी बायकांना सोडले, आईबापांनी मुले विकली, याच्या नोंदी आहेत. त्यावर बोट ठेवायचा अधिकार पोट भरलेल्या आपल्याला नाही. दुसरीही नोंद आहे. कलकत्त्याच्या दारोदारी येणारे लोक भात मागत नव्हते, 'फॅन' मागत होते, म्हणजे भाताची पेज, जी एरवी घरोघरी ओतून देतात. धान्याने भरलेल्या दुकानांसमोर माणसे मेली, पण दुकाने लुटण्याचे प्रकार फारसे झाले नाहीत. ज्यांच्यापुढे खरोखर मरण उभे होते, त्यांनी आपली मागणी पेजेपर्यंत खाली आणली. ज्यांच्यापुढे नव्हते, त्यांनी कोठार भरले. उषस्तीच्या भाषेत सांगायचे तर पाणी दुसऱ्यांनीच प्यायले. (हे लिहिताना 'मूल्य' हा शब्द मला अडवतो. आपल्या भाषेत तत्त्वालाही मूल्य म्हणतात आणि मालाच्या भावालाही. त्या वर्षी दुसऱ्याने पहिल्याला गिळले.)

कोठार फक्त व्यापाऱ्याचेच असते, असे नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागणार हे कळल्यावर मी पंधरा किलो आटा आणि पाच किलो तूरडाळ घेऊन आलो. आम्ही घरात तिघे. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वाटीभर डाळ मागायला आल्या. दार मी उघडले आणि म्हणालो, "काकू, आमचीही संपत आलीय." का म्हणालो? घाबरलो होतो, हे खरे. पण मी भुकेला नव्हतो. आईने आतून ऐकले होते. ती काही बोलली नाही, डब्यात डाळ भरली आणि मलाच खाली पाठवले. काकूंनी डबा घेतला, "संपलीय म्हणाला होतास ना?" एवढेही विचारले नाही. ते मला जास्त लागले.

१९४३ मध्ये सेन नऊ वर्षांचे होते आणि शांतिनिकेतनात आजोबांकडे राहत होते. दारावरून उपाशी माणसांची रीघ जात होती. आजोबा क्षितिमोहन सेन यांनी नातवाला सिगारेटचा एक लहान डबा दिला आणि सांगितले, हा भरून तांदूळ दे, पण एका कुटुंबाला एकच डबा. पुष्कळांना हा नियम कठोर वाटेल, मलाही आधी वाटला. नंतर लक्षात आले की ज्याला उद्याही दार उघडायचे आहे, त्याला माप ठेवावेच लागते.

या आठवड्याच्या अभ्यासासाठी एवढेच करावे: गेल्या संकटात आपण मोडलेला एखादा नियम वहीत लिहावा आणि त्यापुढे 'उडीद' की 'पाणी' ते लिहावे. माझ्या वहीत पहिल्या ओळीत तूरडाळ आहे.